दोन वाहिन्यांमधलं खोकं

वेस्टरहीमच्या पंपघरात जानेवारीची रात्र.
उत्तरेचा वारा दाराच्या फटीतून शीळ घालतोय.
येल्त्ये कपाटासमोर गुडघे टेकून,
दातांत टॉर्च,
बोटांचं लाकूड झालेलं.

डाव्या हाताला जुनी वाहिनी:
पीळ घातलेली तांब्याची तार, तिच्या लग्नाआधीची.
तिच्यावर सहा पंप, अकरा झडपा,
पाण्याची उंची सांगणारे तरंगते गोळे.
सावकाश बोलतात, एकेक शब्द चावून,
दुपारच्या म्हाताऱ्यांसारखे.
उजव्या हाताला नवी, काचेच्या धाग्याची,
तिच्या टोकाला एक संगणक,
त्याला सगळं एका श्वासात हवं असतं.

(तिच्या भाषेत कालव्याला आणि वाहिनीला
एकच शब्द आहे.
कामाची चिठ्ठी आली की आधी विचारावं लागतं,
फावडं आणू की पकड?)

आधीच्या कुणीतरी मध्ये रिपीटर बसवून ठेवला होता.
भला गडी. इकडचं ऐकलं की तिकडे ओरडायचा,
तिकडचं इकडे.
जिन्यातल्या दिव्यानं "मी लागलो" म्हटलं
तरी ते सहाही पंपांनी ऐकून घ्यायचं.
गेल्या मंगळवारी त्या कालव्यात, नव्हे, कलकलाटात
तीन नंबरचा पंप "मी थांबलोय" असं
सतरा वेळा म्हणाला.
एकदाही पोचलं नाही.
पाणी अकरा सेंटिमीटर चढलं
आणि ब्राउन्स्मांच्या तळघरात बटाटे तरंगले.

म्हणून आज हा राउटर.
साबणाच्या वडीएवढा.
कामाला लागण्याआधी तो नुसता ऐकतो.
कोण कुठल्या काठाला राहतं
ते ऐकून ऐकून पाठ करतो,
मग ज्याच्या त्याच्या गप्पा ज्याच्या त्याच्या काठाला,
आणि पलीकडचं असेल तेवढंच
पलीकडे.

"म्हणजे झडपच," शिकाऊ पोरगा म्हणाला.
येल्त्ये काही बोलली नाही. स्क्रू आवळत राहिली.

तिच्या बापाचं घर कालव्याच्या या काठाला होतं,
ऊनेकाकाचं त्या.
मध्ये तीस पावलांचं पाणी, एक लाकडी पूल,
आणि एका शिडीवरून बारा वर्षांचा अबोला.
नऊ वर्षांची येल्त्ये जायची-यायची.
सांग त्याला, शिडी दे.
सांग त्याला, शिडी माझी आहे.
सांग त्याला, उद्या दारं उघडणार, होडी बांधून ठेव.
शिव्या ती पुलावरच सोडून द्यायची,
खाली, बदकांत.
होडीचं तेवढं सांगायची.
कुणी शिकवलं नव्हतं.

एका नोव्हेंबरात काका जाळं झटकत म्हणाला,
"सांग त्याला, वाम आलेत. पुष्कळ."
एवढंच.
तिला वाटलं, हे काय सांगायचं?
वाम दर वर्षी येतात.
त्या काठाची गोष्ट, त्या काठाला राहू दे.

फेब्रुवारीत काका गेला.
शिडी अजून तिथेच होती, भिंतीला टेकलेली.

हिरवा दिवा लागतो, विझतो, लागतो.
तीन नंबरला ती मुद्दाम बंद करते.
दोन सेकंद.
नियंत्रणकक्षातून फोन: "तीन थांबला का?"
"थांबला," ती म्हणते, आणि तिला हसू येतं,
मग येत नाही.

सकाळी, चिखलाच्या बुटांनिशी,
ती वृद्धाश्रमात बापाच्या खोलीत.
गेर्बेन खिडकीशी, ब्याण्णव वर्षांचा,
कानातलं यंत्र बशीत काढून ठेवलेलं.
ती ते उचलते, त्याच्या कानात बसवते,
चाक फिरवते. शिट्टी. मग शांत.

"बाबा, ऊनेकाकाचा निरोप आहे."

तो वळत नाही.

"वाम आलेत म्हणे. पुष्कळ."

खाली गवतावर दव होतं,
कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं,
कपांचा आवाज दूर दूर होत गेला.
तिला वाटलं, पोचलं नाही.
तेव्हा बाप म्हणाला,

"किती?"